ओंडक्यांच्या घरातला ताप

नव्वदच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात मी गडचिरोलीच्या दवाखान्यातून रजा काढून धाकट्या भावाकडे, मिलिंदकडे, अमेरिकेत बेलव्ह्यूला गेले होते. इथे डॉक्टरकी करायची नाही, असं त्याने पहिल्याच दिवशी बजावलं. शनिवारी पहाटे माझ्या मांडीवर नकाशा देऊन त्याने गाडी पूर्वेकडे काढली.

डोंगर ओलांडले तसं हिरवं रान मागे पडलं. मैलोन्‌मैल पिवळा गहू. एका धाब्यासारख्या जागी कॉफी घेतली आणि सोबतची पोळी-चटणी खाल्ली. पुढे पाइनच्या चढणीवर आमची भाड्याची केबिन (ओंडक्यांचं घर) होती. शेजारच्या तशाच घरातून मालकीण डेना किल्ली घेऊन आली. तिच्या कडेवर चार वर्षांची एमी होती, तापाने फणफणलेली.

डेना सांगू लागली. ही तिसरी खेप. तीन दिवस ताप, मग आठवडाभर मुलगी खेळते, पुन्हा ताप. रुग्णालय चाळीस मैलांवर; दोन्ही वेळा पोचेपर्यंत ताप उतरला होता, म्हणून साधा फ्लू म्हणून परत पाठवलं.

मला मलेरियाच आठवला. म्हटलं, "ताप अंगात आहे तोवरच रक्त तपासून घ्या. आत्ता निघू या."

मिलिंदने माझ्याकडे पाहिलं आणि गाडी वळवली.

तिथल्या तंत्रज्ञ बाईंना मलेरिया ऐकून नवल वाटलं, पण त्यांनी रक्ताची काचपट्टी केली आणि सूक्ष्मदर्शकातून मलाही दाखवली. मलेरियाचे जंतू तांबड्या पेशींत दिसतात; तिथे काहीच नव्हतं. पेशींच्या मधे मात्र पीळ पडलेले बारीक धागे. असलं काही मी कधी पाहिलं नव्हतं. म्हातारे डॉक्टर आले, त्यांनी पाहिलं आणि डेनाला एवढंच विचारलं, "मुलगी झोपते कुठे?"

माळ्यावर, छपराखाली. छपरात खारींची घरटी. त्यातल्या गोचिडी अंधारात येतात, दुखू न देता चावतात आणि परत जातात. ते धागे म्हणजे त्यांच्या चाव्यातून रक्तात शिरलेले जंतू, हा ताप त्यांचा, असं डॉक्टरांनी समजावलं. औषधाच्या पहिल्या डोसनंतर ताप उसळू शकतो म्हणून एमीला तिथेच ठेवलं. तो उसळलाही. थरथरणाऱ्या मुलीचे पाय धरून डेना बसून होती. मी तिच्या शेजारी. संध्याकाळी घाम फुटला आणि एमीने पाणी मागितलं.

"ताई, आपणही केबिनमध्ये नको झोपायला," मिलिंद म्हणाला. आम्ही गावातल्या मोटेलमध्ये राहिलो.

महिन्याभराने मी गडचिरोलीला परतले. माझं निदान चुकलं होतं, हे मी सहकाऱ्यांना सांगितलं. तापाचं मूल आलं की आजही आधी रक्त घेते. पण सुई टोचण्याआधी आईला विचारते, बाळ झोपतं कुठे? इतकी वर्षं हे विचारायचं मला सुचलं नव्हतं.