वजनावर घेतलेला पॉवर सप्लाय

कॉम्प्युटरमधलं मला काहीही कळत नाही, ही गोष्ट मी सोडून घरात सगळ्यांना माहीत होती.

माझं निलंग्यात मोटार रिवाइंडिंगचं दुकान. विहिरीची मोटार असो, बोअरची असो नाहीतर कूलरची. जळाली की माझ्याकडे येते. त्यामुळे जिथं वायर, तिथं आपला शब्द शेवटचा, असं मी धरूनच चाललो होतो. (मंगल, म्हणजे माझी बायको, म्हणते सगळं तिथूनच बिघडलं.) आमची मुक्ता नांदेडला इंजिनिअरिंग शिकते. उन्हाळ्याच्या सुट्टीत आली ती गेमिंगच्या कॉम्प्युटरचा हट्ट घेऊनच. कॉलेजातल्या पोरींची तिची टीम. रविवारी संध्याकाळी ऑनलाइन सामना, आणि जिंकल्या तर पुण्याला फायनल! टीममधल्या दोघींचं शेवटचं वर्ष, म्हणजे हरल्या की टीमच मोडणार. पोरीला रात्री झोप लागत नव्हती.

"घेऊ की," मी म्हणालो. "पण सामान मी निवडणार!"

"पप्पा, तुम्ही नुसते सोबत चला ना."

नुसतं सोबत जायला मी काय पिशवी आहे?

लातूरच्या दुकानात मुक्तानं ग्राफिक्स कार्ड आधीच ठरवून ठेवलेलं होतं. गेममधली चित्रं तेच पळवतं म्हणे. त्याला तीन पंखे होते. मी तिन्ही बोटानं फिरवून बघितले, कान लावून बेरिंगचा आवाज ऐकला आणि "पास!" म्हणालो. दुकानदार माझ्याकडं बघून पाणी प्यायला.

मग आला पॉवर सप्लाय. भिंतीतली लाईट घेऊन आतल्या सगळ्यांना वाटून देणारा लोखंडी डबा. हा तर आपल्या घरचाच माल! आणि आमच्या धंद्यात माल बघतात कसा? उचलून! वजन जास्त म्हणजे तांबं जास्त, आणि तांबं जास्त म्हणजे मोटार टिकणार. वर छापलेलं कोण वाचतं?

"पप्पा, हा घ्यायचाय. सगळ्यांनी चांगला म्हटलंय ह्याला."

मी उचलला. "ह्याच्यात काय हाय, मुरमुरे?"

मग दुसरा उचलला, तिसरा उचलला. शेवटी माळ्यावर धूळ खात पडलेला एक लाल डबा दिसला. तो खाली घेताना माझ्या खांद्यात कळ आली, तेव्हाच मनात म्हटलं, हाच!

"शेठ, ते गेमिंगला नका नेऊ," दुकानदार म्हणाला. "कुठल्या कंपनीचं हाय ते मलाच ठाव न्हाई. ह्याची ग्यारंटी बी न्हाई."

"आहो, वजन बगा की! आसली चीज माळ्यावर टाकून बसलाव व्हय तुमी!"

"पप्पा, कार्ड जळंल हां," मुक्ता म्हणाली.

"मी हाय ना!"

येताना बसमध्ये पोरगी एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, आनंदानं बोलवत नसेल.

रविवार उजाडला. मुक्तानं सगळं जोडलं, कॉम्प्युटर सुरू झाला, पंखे फिरले, रंगीत दिवे लागले. मी मिशीवरून हात फिरवला. संध्याकाळी सामना सुरू झाला, कार्डानं जरा जोर धरला, आणि फट्‌! सगळं बंद. पुन्हा चालू केलं, पुन्हा फट्‌!

"पप्पा!" मुक्ता रडकुंडीला आली. "थोडाच वेळ थांबतो म्हणालेत सामना घेणारे. मग बाद करतील आम्हाला!"

"व्होल्टेज!" मी ओरडलो. (मोटार उचलत नसली की पंचवीस वर्षं मी हेच ओरडत आलोय.) "गल्लीच्या डीपीवर लोड आलाय!"

मी फ्रीज बंद केला, कूलर बंद केला, मंगल पीठ मळत बसली होती तिच्या डोक्यावरचा पंखाही बंद केला. तरी फट्‌! मग चप्पल न घालताच गल्लीत पळालो.

"कूलर बंद करा! मोटारी बंद करा! मुक्ताची परीक्षा हाय!"

"सुट्टीत कशाची परीक्षा वं?" समोरच्या सरूमावशी म्हणाल्या.

"मावशी, पोरीच्या आयुष्याचा सवाल हाय!"

गल्ली भल्या माणसांची. एकेक कूलर गप्प झाला. मे महिन्याचा उकाडा, घरात बसवेना, म्हणून सगळी गल्ली पदरानं, टॉवेलानं वारा घेत आमच्याच घरी जमली. आणि सगळ्यांसमोर कॉम्प्युटर पुन्हा फट्‌!

आता इज्जतीचा प्रश्न होता. वायर काढली, पेचकस घेतला आणि म्हटलं, "बगा आता, आतलं तांबं दाखवतो तुमाला." लाल डब्याचं झाकण उघडलं.

आत एक बारकुशी पट्टी, चार वायरी, आणि तळाला चिकटवलेली सिमेंटची वीट!

सरूमावशींनी वाकून बोट लावून बघितलं. "पाणी मारलंय का न्हाई नीट?" त्या म्हणाल्या.

मंगलनं तोंडात पदर कोंबला. मुक्ता मात्र हसली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला खरंच मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीनं बरोबर दाखवलेला डबा मी मुरमुरे म्हणून बाजूला ठेवला होता!

तेवढ्यात गर्दीतून बिराजदार पुढं आले. त्यांचा शेजारच्या गल्लीत फोटो स्टुडिओ. लग्नाचे व्हिडिओ बनवायला त्यांच्याकडं दणकट कॉम्प्युटर आहे. "मुक्ता, माझ्यातला डबा काढून आणतो गं. नवरदेव थांबतील एक दिवस."

ते पळत गेले आणि पळत आले. मुक्तानं हात पुढं केला, पण डबा घेतला मी. घेतला तो घेतला, आणि सवयीनं हातात दोनदा खालीवर करून बघितला!

"जरा हलकाच वाटायलाय..."

"गप बसा वं!" सगळी गल्ली एका सुरात ओरडली. डबा हातातून कुणी काढून घेतला तेही कळलं नाही.

मुक्तानं घाईनं जोडला. कॉम्प्युटर सुरू झाला, कार्ड जोर धरून पळालं, आणि ह्यावेळी काही बंद पडलं नाही. पडद्यावर कोण कुणाला मारतंय ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही, पण पोरगी ताठ बसली की आम्ही श्वास धरायचो. शेवटी ती खुर्चीतून उडालीच. जिंकल्या! सरूमावशींनी तिची दृष्ट काढली आणि मी बाहेर जाऊन डोळे पुसून आलो.

परत आलो तर स्पीकरवरून तिची मैत्रीण विचारत होती, "मुक्ते, एवढा भारी कॉम्प्युटर कुणी निवडून दिला गं?"

मुक्तानं माझ्याकडं बघितलं. माझा हात मिशीकडं गेला.

"आमच्या पप्पांनी," ती म्हणाली. "फक्त आतलं बांधकाम तेवढं पाडावं लागलं."

पुण्याच्या फायनलला ती मला सोबत नेणार आहे. अट एकच घातलीय: तिथं पोचल्यापासून निघेपर्यंत पप्पांचे दोन्ही हात खिशात!