डावखुऱ्या वीराची दुरुस्ती

एका दगडी वीराच्या उजव्या हातातली तलवार काढून मी ती त्याच्या डाव्या हातात दिली, आणि मग हा वीर डावखुरा का, यावर लांबलचक लेख लिहून तो इंटरनेटवर टाकला.

दगड पनवेलजवळच्या पळस्प्याच्या पुढे, गोवा रस्त्यावरून आत वळलं की एका गावात देवळाच्या कडेला उभा आहे. वीरगळ म्हणतात त्याला. लढताना कामी आलेल्या कुणाची तरी आठवण म्हणून उभा केलेला दगड. खाली लढाई, मध्ये अप्सरा त्याला उचलून नेताहेत, वर तो शंकराच्या पिंडीपुढे हात जोडून बसलाय. मी मराठीचा निवृत्त प्राध्यापक. शिल्पातलं मला फारसं कळत नाही, हे नोकरीत असताना मला पक्कं ठाऊक होतं. निवृत्तीनंतर विसरलो.

आमच्यासारख्यांसाठी एक वेबसाइट आहे. कलेचा इतिहास आणि साहित्यसमीक्षा यांत रमणारी मंडळी तिथे आपापले लेख ठेवतात, एकमेकांच्या लेखाखाली प्रतिक्रिया देतात, आणि महिन्यातल्या एका रविवारी संध्याकाळी सगळी पडद्यावर जमतात. एक जण बोलतो, बाकीचे माइक बंद करून चहा पितात. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी माझी पाळी होती. तालीम करताना लक्षात आलं की माझा चेहरा पडद्याच्या उजव्या कडेच्या चौकटीत येतो, आणि वीराचं तोंड नेमकं डावीकडे. म्हणजे मी त्याच्याविषयी इतकं भरभरून बोलतोय आणि हा माझ्याकडे पाठ करून उभा. मला ते बरं वाटेना. फोटो उलटवायचं एक बटण असतं. ते दाबलं. वीर वळला आणि माझ्याकडे बघू लागला. व्याख्यान छान झालं.

ते बटण मी विसरलो. मूळ फोटो जुन्या फोनबरोबर गेला, उलटवलेला तेवढा कॉम्प्युटरवर राहिला. वर्षभरानं लेख लिहायला बसलो तो हाच फोटो समोर ठेवून. प्रत्यक्ष दगडापुढे मी जेमतेम दहा मिनिटं होतो, त्यातली सात मोबाइलवर ऊन पडू नये म्हणून छत्री धरण्यात गेली होती. तेव्हा फोटोत दिसेल तेच खरं.

लेखात काय काय म्हटलं होतं ते सांगायची लाज वाटते, म्हणून सांगूनच टाकतो. शिल्पकारानं वीराला डावखुरा करून वीरत्वाच्या प्रस्थापित प्रतिमेला छेद दिला, असं म्हटलं. डावा हात हा परिघावरचा हात आहे, असं म्हटलं. ‘छिन्नीची बंडखोरी’ असा एक शब्दप्रयोग केला आणि तो मला इतका आवडला की आणखी दोनदा केला. खाली प्रतिक्रियांची रांग लागली. नवी दृष्टी देणारं वाचन, वगैरे. एका गृहस्थांनी दगडाची उंची विचारली. काही गोष्टींची उंची टेपनं मोजता येत नाही, असं मी त्यांना लिहिलं. त्या उत्तरालाही बरेच अंगठे मिळाले.

त्याच सुमारास मराठवाड्यातल्या एका मुलीचा फोन आला. लोकगीतांतला वीर आणि दगडातला वीर, असा तिचा पीएचडीचा विषय. एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होती, पनवेलला येऊन दगड बघण्याएवढी रजा मिळत नव्हती. म्हणाली, सर, तुमच्या लेखावर माझं तिसरं प्रकरण उभं राहतंय. मी म्हटलं, अवश्य, बिनधास्त उभं कर. पुढे अधूनमधून तिचे फोन यायचे. प्रबंध द्यायची मुदत एकदा वाढवून घेतली होती, दुसऱ्यांदा मिळणार नव्हती. ठरलेल्या सोमवारी प्रबंध पोचला नाही तर नोंदणी रद्द आणि सगळी वर्षं पाण्यात.

त्या सोमवारच्या आधीच्या बुधवारी मी दुपारी आपलाच लेख वाचत बसलो होतो. बायको चष्मा शोधत माझ्या मागे आली आणि पडद्याकडे बघत थांबली. फोटोच्या कडेला त्या गावातली एक बाई अर्धीमुर्धी आली आहे.

“अहो, हिनं पदर उजव्या खांद्यावरून मागे का टाकलाय?”

मी म्हटलं, असेल तिकडची पद्धत.

“तिकडची म्हणजे? पळस्प्याची?”

चष्मा घेऊन ती आत गेली. मी फोटोकडे बघत राहिलो. आमच्या विद्वानांनी तो मोठा करकरून पाहिला होता, अप्सरांच्या कमरेच्या साखळ्या मोजल्या होत्या. त्या बाईकडे एकानंही बघितलं नव्हतं. मग ते बटण आठवलं. फोटोच उलटा होता.

शहाण्या माणसानं तिथल्या तिथे मुलीला फोन केला असता. मी आधी लेख वाचवता येतो का ते बघितलं. वेबसाइटवर लेख केव्हाही गुपचूप बदलता येतो. कॉम्प्युटरला सांगितलं, ‘डाव्या’ दिसेल तिथे ‘उजव्या’ कर. त्यानं निमूटपणे केलं. प्रस्तावनेत मी स्वतःला डाव्या विचारांचा समीक्षक म्हणवून घेतलं होतं, तो मी एका क्षणात उजव्या विचारांचा झालो. आणि वीरानं तलवार उजव्या हातात धरली, यात बंडखोरी कसली, हे मलाच सांगता येईना. सगळं पूर्ववत केलं.

मग पाय घराबाहेर पडले. नवीन पनवेलचे सेक्टर मी त्या दोन दिवसांत इतके पालथे घातले की एका सोसायटीचा वॉचमन मला फ्लॅट भाड्यानं हवाय का विचारू लागला. कोथिंबीर आणायला निघालो, स्टेशनपर्यंत गेलो, चहा प्यालो, कोथिंबिरीशिवाय परतलो. मोबाइलवर मजकूर लिहायचा: ‘एक छोटीशी गोष्ट कळवायची होती.’ पुसायचा. ‘तुझ्या प्रकरणाविषयी एक नवा मुद्दा सुचला आहे.’ तोही पुसायचा. गुरुवारी संध्याकाळी तिचाच मेसेज आला: सर, तिसरं प्रकरण गाइडना सगळ्यात आवडलं. मी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. जेवताना बायकोनं विचारलं, काय झालंय? काही नाही म्हटलं. काही नाही तर आमटीत पाणी का ओतताय, म्हणाली.

शुक्रवारी सकाळी रिक्षा करून पळस्प्याला गेलो, तिथून दुसरी धरून गावात. बायकोची नजर चुकली असेल, मला बटण भलत्याच फोटोचं आठवत असेल, वीर खरोखरच डावखुरा निघेल, अशी खुळी आशा होती. दगडाशी पोचलो. तलवार उजव्या हातात. मी बाजूला जाऊन बघितलं, वाकून बघितलं, एकदा चक्क स्वतःचा उजवा हात वर करून ताळा केला.

समोरच्या अंगणात एक बाई सुकट वाळत घालत होती. फोटोतली तीच, पदर डाव्या खांद्यावर. तिनं मला ओळखलं. मागं छत्री घेऊन आलेले तुमीच ना, म्हणाली. मी तेव्हा तिला बाजूला हो म्हटलं होतं आणि आपलंच अंगण असल्यामुळे ती झाली नव्हती, तेही तिला आठवत होतं. मी तिला विचारलं, याची तलवार पहिल्यापासून याच हातात आहे का? ती दगडाकडे बघतच नव्हती, माझ्याकडे बघत होती.

“मग कोनच्या हातात आसंल? जेवायच्या हातातच हाय. तुमाला बरं नाय का?”

बरं नव्हतंच. पण घरी येऊनही फोन झाला नाही तो नाहीच. शनिवारी दुपारी बायकोनं फोन माझ्यापुढे ठेवला आणि स्वतः समोर बसली. तोवर तिला सगळं सांगून झालं होतं.

मुलीनं फोन उचलला. मी बटणापासून सुरुवात केली, अप्सरांपर्यंत गेलो, पदरापर्यंत आलो. माझं संपल्यावर तिनं विचारलं, सर, हे तुम्हाला कधी कळलं? मी म्हटलं, बुधवारी.

“आज शनिवार आहे, सर.”

रडेल, चिडेल असं वाटलं होतं; दोन्ही झालं असतं तर मला सोपं गेलं असतं. तिच्या बाजूनं पानं उलटल्याचा आवाज तेवढा येत होता. मग तिनं हिशोबीपणानं सांगितलं, नऊ पानं काढावी लागतील. शेवटचा निष्कर्ष बदलावा लागेल. रात्रभर बसून मी ते करीन. पण गाइडनी तुमचा लेख वाचलाय आणि त्यांना तो आवडलाय, तुम्ही फोनवर सांगितलंत एवढ्यावर ते पानं काढू देणार नाहीत. तेव्हा त्याच वेबसाइटवर तुमच्या नावानं दुरुस्ती यायला हवी, म्हणजे मला तळटीप देता येईल. उद्या दुपारी बारापर्यंत.

मी म्हटलं, बाराच्या आत तुझ्या हातात पडेल.

त्या संध्याकाळी लिहायला बसलो आणि खरं सांगतो, तीन दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं. चूक कबूल करायची म्हणजे हात राखून कशाला करायची? वीर माझ्याकडे पाठ करून उभा होता तिथपासून सुरू केलं. माझी छत्री आली, माझं बटण आलं, कोथिंबीर आली, आमटीत ओतलेलं पाणी आलं. उंची विचारणाऱ्या गृहस्थांची मनापासून माफी मागितली. समीक्षकाच्या अहंकारावर एक परिच्छेद झाला, तो जमला असं वाटून आणखी एक लिहिला. रविवारी सकाळी बायकोला वाचून दाखवला. ती तीन ठिकाणी हसली. साडेअकराला वेबसाइटवर टाकला आणि दुवा मुलीला पाठवून दिला. लगेच प्रतिक्रिया येऊ लागल्या. किती हा प्रामाणिकपणा, असं एकानं लिहिलं. मी ते दुसऱ्यांदा वाचत होतो, तेवढ्यात तिचा फोन आला. आवाज रात्रभर जागलेला.

“सर, पाचही पानं वाचली. सगळी तुमच्यावर आहेत. तलवार उजव्या हातात आहे, हे कुठेच लिहिलेलं नाही.”