बैलाचं कुत्रं झालं तरी

रंगाचा डबा उघडा राहिला की वर साय धरती. काढून टाकली तरी सकाळी परत हाय! आमच्या दुकानातल्या गप्पांचं तसंच. बारामतीत मी आणि दत्तू, दोघं पेंटर, दुकान एक. दत्तू चित्रं काढायचा, मी नुसती अक्षरं. शाळा चौथीपर्यंत, पण मी रंगवलेली पाटी बघायला मास्तर सायकलवरनं उतरायचे. चित्राला मात्र कधी हात लावला न्हाय. लोक हसतील, दुसरं काय!

*

काटेवाडीच्या एका तात्यांना ट्रॉलीवर बैल पाहिजे होता. दत्तूनं तवर बैल काढलाच नव्हता. तरी बसला. तात्यांनी ट्रॉलीला चक्कर मारली आणि म्हणले, "दत्तू, कुत्रं झ्याक आलंय. आता बैल कवा काढतूस?"

आख्खा चौक हसला. दत्तूपण! दुसऱ्या दिवशी गडी वही घेऊन तात्यांच्या गोठ्यात, बैलापुढं. मी म्हणलं, येडं हाय हे.

*

लोणी देवकरला एका कंपनीच्या भिंतीवर कामगार काढायचे होते. दत्तू म्हणला, "एक तोंड तू काढ. बिघडलं तर वरनं चुना मारू."

"माझा हात अक्षराला बसलाय."

"मग उठीव की त्याला!"

मी शिडी धरून उभा राहिलो. शिडी चांगली धरली, एवढं खरं.

*

मग फ्लेक्स आला. दत्तू पन्नाशीत कॉम्प्युटरच्या क्लासला गेला. एका पोरीनं विचारलं, "काका, नातीला न्यायला आलात का?"

"न्हाय बाई, मीच पहिल्या बाकावरचा!"

मी दुकानात बसून फ्लेक्सला शिव्या घातल्या. शिव्यांनी एक गिऱ्हाईक परत आलं न्हाय.

*

माझी बायको हौसा दर दिवाळीला भिंत रंगवून झाली की म्हणायची, "जगाच्या भिंती रंगवता. हितं माझं तोंड काढा की एकदा."

"हात बसू दे."

"न्हाय बसला तर काय हुतंय?"

"नाक वाकडं येईल."

"येऊ द्या की! भांडताना तुमीच म्हणता, वाकडं हाय म्हणून."

तीस दिवाळ्या गेल्या. भिंतीचा तेवढा तुकडा ती कोराच ठेवायची. कॅलेंडरसुद्धा लावू द्यायची न्हाय. मागल्या साली ती गेली.

*

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी दत्तू रंग घेऊन आला. मला विचारलंसुद्धा न्हाय. त्या कोऱ्या तुकड्यावर त्यानं हौसा काढली. नाक वाकडंच आलं. पण हसणं तिचंच.

ब्रश माझ्यापुढं धरून म्हणला, "खाली तू काढ, काय काढायचं ते."

मी तिचं नाव टाकलं. दुपारभर बसून. जन्मात जमलं नव्हतं असं अक्षर आलं!

दत्तूनं मागं सरून अक्षर बघितलं. मग म्हणला, "अक्षर झ्याक हाय, राव. पण वैनीला वाचाय कुठं येत हुतं?"