मेंदीच्या वेलीवरचे फोड

नोकरीतली बरीच प्रकरणं आता पुसट झाली. गडमुडशिंगीच्या त्या नवरीचे हात मात्र अजून डोळ्यांसमोरून जात नाहीत.

लग्नाच्या सकाळीच तिला दवाखान्यात न्यावं लागलं. कोपरापर्यंत फोड, अंगात ताप. दुपारी आमच्या पोलीस ठाण्यात निनावी फोन आला : शेजारच्या तरुणाने हळदीच्या पाण्यात ॲसिड मिसळलं. हा तरुण कागलच्या एमआयडीसीत धातूला मुलामा देणाऱ्या कारखान्यात कामाला. त्याचं स्थळ मुलीच्या घरच्यांनी नाकारलेलं. आदल्या दिवशी हळदीचं पाणीही त्यानंच भरलेलं. मला हेतू सापडला. गुन्हा दाखल करून त्याला गल्लीतूनच जीपमध्ये घातलं.

चौकशीत तो एकच सांगत राहिला. "नळाचं पाणी हुतं, साहेब. तिचं वाईट मी कशाला करीन?"

"मग फोड आपोआप आले?" मी दरडावलं. तो रडला. ते नाटक आहे, असं मी धरून चाललो.

दुसऱ्या दिवशी मुलीचा जबाब घ्यायला गेलो, तेव्हा नर्स पट्टी बदलत होती. फोड वेलीसारखे उठले होते. पानं, देठ, कळ्या. मधली कातडी स्वच्छ. पाण्याने भाजलं असतं तर सगळा हात भाजला असता.

मी मेंदी काढणाऱ्या बाईंना बोलावलं. त्यांनी काही लपवलं नाही.

"लग्नाला काळाभोर रंग पायजे म्हणत्यात, साहेब. म्हणून केसांच्या डायची सुटी पावडर मिसळली. मी सोता केसास्नी लावते की. कधी काय झालं न्हाय."

त्वचेच्या डॉक्टरांनी मला समजावलं. "यात पीपीडी नावाचं रसायन असतं. केसांच्या रंगात ते ठरावीक प्रमाणात चालतं, तेही आधी कातडीवर थोडं लावून, दोन दिवस वाट बघून. मेंदीत घालून तासन्‌तास हातावर ठेवायचं नसतं. या मुलीला आता त्याची ॲलर्जी झालीय, जन्मभर काळा डाय वर्ज्य."

बाईंवर कारवाई झाली. तरुण सुटला, पण कारखान्याने त्याला परत घेतलं नाही. मी साध्या कपड्यांत त्याच्या घरी गेलो. तो आतल्या खोलीतून बाहेर आलाच नाही. त्याची आई दारात उभी राहिली.

"सुटला ते खरं हाय, साहेब. पर जीपमध्ये घालताना सगळी गल्ली बघत हुती. सोडताना कोण न्हवतं."

त्या नवरीचे हात मला पहिल्याच दिवशी बघता आले असते. हेतू सापडला, म्हणून मी दवाखान्याची पायरी चढलो नाही. त्यानंतर कुणालाही जीपमध्ये बसवण्याआधी मी जखम स्वतः जाऊन बघत आलो.