आढीतला शेवटचा आंबा

ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि मी रत्नागिरीत कॉम्प्युटरच्या क्लासला जात होते. चपला बाहेर काढून, देवळात शिरावं तसं आत शिरायचं. मुंबईहून परतलेले आमचे सर एक नवी भाषा शिकवत. तिच्यात प्रत्येक वस्तू म्हणजे एक ऑब्जेक्ट, आपले गुण स्वतःजवळ बाळगणारा. अशा वस्तूंची रांग, म्हणजे अ‍ॅरे, क्रमाने लावायची तर दोन वस्तूंतली आधी कोणती हे आपणच सांगायचं. सर सारखे विचारत, "लावायचं कशावरून, ते ठरलं का?"

मी उदाहरणाला आंबे घेतले. मे महिना, दुसरं काय सुचणार? वजन, रंग, काढल्याचा दिवस. आधी पिकेल तो आधी. प्रोग्राम चालला आणि मी हवेत तरंगत घरी आले.

आई माजघरात पेंढ्यावर आंबे पिकत घालून आढी लावत होती. तीही पिकण्याच्या क्रमानेच. फक्त सगळ्यांत कच्चे आंबे ती भिंतीकडे सारून ठेवी. बाबा मालवाहू बोटीवर होते, त्यांची सुट्टी मेअखेरीस होती. मी तिकडे हात घातला की म्हणे, "अगो, तो नको. तो बाबांस."

मग शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप आला. बोट दुसऱ्याच बंदराला निघाली होती, सुट्टी लांबली. आईनं आढी उपसली आणि त्यातल्या त्यात हिरवे शोधून पुन्हा भिंतीकडे लावले. काही दिवसांनी परत तेच. मला तिचा राग येई. आंबा काय कोणासाठी थांबतो? पण ती रांग आखूड होत गेली तसा माझाही जीव खालीवर होऊ लागला. मला बाबा हवे होते, आणि आंबे संपायच्या आत हवे होते.

मृगात शेवटचा आंबा मऊ पडला. आईनं तो कापला, फोडी आम्हा भावंडांना दिल्या आणि बाठा घेऊन मागल्या दारी जाऊन बसली. बाबा गणपतीला आले. तेव्हा घरात काकड्या होत्या.

आता याद्या क्रमाने लावणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे, आणि ते प्रोग्रामच्या एका ओळीत होतं. मे महिन्यात गावाहून पेटी येते. आई नाही, बाबाही नाहीत. मी वर्तमानपत्रावर आंबे मांडते आणि सगळ्यांत हिरवा भिंतीकडे सारते. परवा मुलीनं नेमका त्यालाच हात घातला, तर माझ्या तोंडून निघून गेलं, "अगो, तो नको. तो बाबांस."