झऱ्यावरचे कोल्हे

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या पाच-सहा वर्षं आधी मला रिक्रूटिंग पार्टी देऊन रत्नागिरीला पाठवलं. मी हवालदार होतो. बरोबर लान्स नाईक विठू शेलार, चार शिपाई आणि स्वयंपाकाला एक लांगरी. हातखंब्याच्या अलीकडे सड्यावर, कातळाच्या उघड्या पठारावर, आम्ही तंबू ठोकले. पहाटे पाचला फॉल-इन, सहाला पी.टी., आठपासून भरतीला आलेल्यांची उंची-छाती मोजायची.

तंबूंपासून दोनशे यार्डांवर झरा होता. भोवती आंब्यांची दाट सावली. दर रविवारी शहरातली मंडळी बैलगाड्या जुंपून तिथे वनभोजनाला यायची. मटण शिजायचं. हाडं, भात, माशांची डोकी तिथेच टाकून संध्याकाळी निघून जायची. कोल्ह्यांना ते पाठ झालं होतं. ते भरदिवसा करवंदीच्या जाळीत येऊन बसायचे. मंडळींना त्याची गंमत. हाडूक आधी लांब फेकायचे, मग जवळ, मग आणखी जवळ.

या मंडळींचा म्होरक्या कचेरीतला एक पेन्शनर शिरस्तेदार होता. त्याला मी जाऊन भेटलो.

"रावसाहेब, खरकटं पुरत जा. खड्डा माझी माणसं खणतील."

"हवालदार, तुम्ही तुमची भरती बघा."

"एखादा चावेल कोणाला."

"इतकी वर्षं येतोय आम्ही. मुकं जनावर ते, खाईना का."

मंडळी हसली. मी खड्डा तरीही खणून दिला. त्यात कोणी शीतही टाकलं नाही.

पुढच्या रविवारी शेलार बादली घेऊन झऱ्यावर गेला. वेळ बारा-चाळीस. मी काठी घेऊन मागून येत होतो. जाळीतून एक कोल्हा निघाला आणि सरळ पंगतीकडे चालू लागला. मागचे पाय लटपटत होते, तोंडातून लाळ गळत होती. शिरस्तेदाराने त्याच्यापुढे हाडूक टाकलं. त्याने ते हुंगलंदेखील नाही. तेव्हा मला कळलं.

"पिसाळलाय. सगळे मागे व्हा."

शिपाई कदम तंबूतून रायफल घेऊन धावत आला.

"गोळी घालू?"

"नाही. पलीकडे माणसं आहेत."

बायकांच्या पंगतीला आणि कोल्ह्याला दहा पावलांचं अंतर उरलं होतं. शेलार मध्ये उभा राहिला. त्याने बादली हाणली, ती चुकली. कोल्ह्याने उडी घेऊन त्याचा गाल फाडला, मग मनगट धरलं. शेलारने त्याचा गळा पकडून जमिनीवर दाबला.

"हवालदारसाहेब, काठी," एवढंच म्हणाला.

मी तीन तडाखे दिले. कोल्हा मेला.

रत्नागिरीच्या डॉक्टरने कार्बोलिक ॲसिडने जखमा जाळल्या. शेलारने दात आवळून धरले. दुसऱ्या दिवशी त्याला बोटीने मुंबईला इंजेक्शनांसाठी पाठवलं.

त्यानंतरच्या रविवारी गाड्या पुन्हा आल्या. मी दोन शिपाई वाटेवर उभे केले.

"जागा बंद आहे."

"सरकारी हुकूम आहे?" शिरस्तेदाराने विचारलं.

"माझा आहे."

त्याने शेलारची चौकशी केली नाही. वर तक्रार करीन म्हणाला आणि गाड्या वळवल्या. त्या दिवशी मी त्याच्यावर हात टाकला नाही, तो केवळ अंगात वर्दी होती म्हणून.

कोल्हा चावल्यापासून अठराव्या दिवशी मुंबईहून तार आली, इंजेक्शनं लागू पडली नव्हती. मी मुंबईला पोचलो तेव्हा शेलारच्या खाटेजवळचा पाण्याचा तांब्या टॉवेलने झाकून ठेवला होता. पाणी दिसलं की त्याचा गळा आवळायचा. मला त्याने ओळखलं. "जवळ येऊ नका साहेब," म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला तो गेला. वय चोवीस.

त्याची ट्रंक घेऊन मी लांज्याकडे त्याच्या गावी गेलो. आईने ट्रंक उघडली नाही, नुसती हाताने पुसली.

"लडाईत ग्येला काय वो?"

"नाही आई. माणसांना वाचवताना."

"मानसा वाचली ना?"

"सगळी वाचली."

तिने मान हलवली आणि मला बसायला घोंगडी टाकली. त्या माणसांपैकी एकानेही तिच्या मुलाचं नाव विचारलं नव्हतं, हे मी तिला सांगितलं नाही.