मावशीच्या बारा वर्षांच्या वेली

भरतकामाच्या मशीनवर मावशीचा हात असा बसलेला, की सुईनंही तिला विचारूनच पुढं सरकावं. पण कॉम्प्युटरपुढं तीच बाई भलती घाईची. पडद्यावर चौकट आली रे आली, की वाचायचं नाही. ‘हो’ दाबायचं आणि मोकळं व्हायचं.

त्या सकाळी असाच ‘हो’ दाबला आणि नक्षी काढायचा जुना प्रोग्राम गायब! बारा वर्षांत स्वतः रेखलेल्या वेली फक्त त्याच्यातच उघडायच्या. तो बनवणारा तर कधीच धंदा गुंडाळून बसलेला. मावशीनं भाचीला बोलावून घेतलं. भाची कॉम्प्युटर दुरुस्त करायची. सुरक्षेचं नवं सॉफ्टवेअर तिनंच कालच टाकलं होतं.

“तुझ्या राखणदारानं घरातलंच माणूस हाकललं गं!”

“मावशे, त्यानं विचारलं काय होतं?”

“कुणी वाचलंय? तू टाकलंयस, म्हणून हो म्हटलं.”

“धन्य आहेस! उद्या कुणी घर लिहून मागितलं तरी हो म्हणशील.”

“टोमणे नंतर मार. आधी सांग, गेलं की राहिलं?”

भाचीनं यादी उघडली. मावशी खुर्चीची पाठ घट्ट धरून उभी.

“गेलं नाही गं. बाजूला काढून ठेवलंय. व्हायरस नाही म्हणत तो. ‘कदाचित नकोसा’ म्हणतोय.”

“नकोसा? माझ्या पोटापाण्याला?”

“तुझ्या प्रोग्रामच्या आडून एक बांडगूळ शिरलंय. न विचारता जाहिराती दाखवणारं.”

“त्या वजन कमी करायच्या? आणि मी समजत होते, कॉम्प्युटरला माझी काळजी आहे!”

भाची पोट धरून हसली. “आता तो दोघांचं वेगवेगळं विचारतोय. आणि मी काही दाबणार नाही. काम तुझं, कॉम्प्युटर तुझा, तूच ठरव.”

मावशीनं चष्मा पुसला. एकेक ओळ बोट ठेवून वाचली. जाहिरातवाल्यापुढं ‘काढून टाका’. नक्षीवाल्यापुढं ‘परत आणा, पुन्हा अडवू नका’.

“असं सांगितलं की ऐकेल?”

“ऐकेल. आणि उद्या तुझं मन बदललं, तर तेही ऐकेल.”

प्रोग्राम उघडला. जाईची वेल, आंब्याची कोयरी, सगळ्या जागच्या जागी. मावशीनं एकेक उघडून बघितली.

“हुश्श! जीव भांड्यात पडला बाई.”

“आता या सगळ्याची एक प्रत वेगळी ठेवूया,” भाची म्हणाली, पण तोवर मावशीनं मशीन सुरू केलं होतं.

“मोठ्यानं बोल!” मावशी त्या खडखडाटात ओरडली आणि कापडावर उमटणाऱ्या पहिल्या पाकळीकडं बघत हसतच राहिली.